द्वारा कै. गणपतराव

४ ऑगस्ट, सोमवार

राजापेठच्या दुकानातून राखी आणली. साधी, लाल दोऱ्याची. दुकानदार चमकीच्या, लाइटच्या दाखवत बसला. म्हणाला, "काकू, भाऊ केवढा आहे?" म्हटलं, सत्तावन्न वर्षांचा. त्यानं साध्या राख्यांचा डबा पुढे केला.

संध्याकाळी पाकीट लिहायला बसले. कॉलेजच्या ऑफिसात तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. पाकिटांचे गठ्ठे लिहिले, हात कधी अडला नाही. ह्या एका पाकिटाला दरवर्षी तास जातो.

चि. विनायक गणपतराव,
द्वारा कै. गणपतराव,
जुने शहर, अकोला.
पिनकोड न चुकता.

'कै.' लिहिताना पेन थांबतंच. गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जित्या माणसाला पत्र. पहिल्या वर्षी मुद्दाम लिहिलं होतं, स्वतःच्या वहीत तरी खोटं कशाला बोलू. घर वडिलांचं, अण्णांचं आहे हे बापूच्या ध्यानात राहावं म्हणून. दुसऱ्या वर्षी राग अर्धाच उरला होता, तरी तसंच लिहिलं. आता राग नाही, पण खोडायची हिंमत नाही. खोडलं तर त्याला वाटेल ताई नमली. नाही खोडलं तर त्याला काय वाटतं ते देव जाणे.

प्रेषकाची जागा कोरी. ऑफिसात प्रेषक नसलेलं पाकीट मी कुणाचं घेत नव्हते, एकदा खुद्द प्राचार्यांचं परत केलं होतं. इथे मीच कोरं सोडते. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसला तर परत कुठे पाठवतील? परत येऊ नये एवढंच.

५ ऑगस्ट, मंगळवार

टाकलं. पेटीत हात घालून खाली पडल्याचा आवाज ऐकला, मगच निघाले.

आतल्या चिठ्ठीत नेहमीच्या दोन ओळी. बापूस अनेक आशीर्वाद, राखी पाठवत आहे, आम्ही ठीक. वर 'श्रावण शु. ११'. वर्ष नाही. अण्णा असते तर चिठ्ठी तोंडावर फेकली असती. कोर्टासमोर जन्मभर अर्जनवीस म्हणून बसले, लोकांचे अर्ज लिहिले. म्हणायचे, "ज्या कागदावर सन नाई, थो कागद नाई, रद्दी हाये." पण सन घातला की मोजदाद सुरू होते, म्हणून पहिल्या राखीपासून मी घालतच नाही. तिथी दरवर्षी तीच येते. वाटतं की एकच वर्ष चाललं आहे, लांबलेलं.

मोजदाद तरी कुठे चुकते. वहीच्या मागच्या पानावर आहेच: जावक ७. आवक ०.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा

ह्यांची बहीण सकाळीच येऊन राखी बांधून गेली. नारळीभात केला. मग दुपारभर फोन उशाशी.

हे म्हणाले, "राखी पोचली का थे इचार ना फोन करून. नंबर तं हाये."

म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

"मी कंडक्टर होतो तं गाडी सुटली का मांगं पाहत नव्हतो. तू सहा वर्षं मांगंच पाहून राहिली."

बरोबर बोलतात, म्हणून जास्त राग येतो.

फोन आला नाही. बापूची आठवण येते. सरळ लिहिते, कोण वाचणार आहे. फार आठवण येते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस दोन दिवस लागून. बाहेर जाणं नाही. जुनं काही काही सुचतं.

मी अकरावीला अमरावतीला वसतिगृहात आले तेव्हा बापू नऊ वर्षांचा. घरी पत्र अण्णांच्या नावानं जायचं, शेवटी एक ओळ बापूला. एका सुटीत त्यानं रडून गोंधळ घातला. समद्या पत्रावर अण्णाचंच नाव काहून? माह्या नावाचं पत्र काहून येत नाई? तेव्हापासून त्याला वेगळं कार्ड टाकू लागले. चि. विनायक गणपतराव, द्वारा श्री. गणपतराव. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याच्या नावानं हाक द्यायचा. अण्णा सांगत, पोट्टा त्या दिवशी जेवला नाही, कार्ड घेऊन गल्लीभर फिरला.

मग एकदा माझी परीक्षा आली आणि महिनाभर कार्ड गेलं नाही. ह्या पठ्ठ्यानं स्वतःच स्वतःला कार्ड टाकलं. पाठवणारा विनायक, घेणारा विनायक, द्वारा अण्णा. हाक आली तेव्हा असा धावला की जसं कुणाचं आलं ते ठाऊकच नाही. आत एकच ओळ होती: 'ताईले टाइम नाई म्हणून मीच लिहून राहिलो.' अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कार्ड दाखवत.

तेच 'द्वारा' मी काय करून ठेवलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

वलगावहून शकूचा फोन. काकांची मुलगी, तिचं दोन्ही घरी जाणं-येणं, आणि पोटात काही राहत नाही.

"मंदाताई, तुले मालूम हाये का? ऋतूचं साक्षगंध झालं. आयतवारी."

ऋतू म्हणजे बापूची एकुलती एक. तिचा साखरपुडा, गेल्या रविवारी. शेवटची पाहिली तेव्हा वीस वर्षांची होती, माझी साडी नेसून आरशासमोर फिरली होती. मुलगा कुठला, काय करतो, सगळं विचारलं. आवाज चांगला ठेवला. मग विचारू नये ते विचारलं, कोण कोण होतं?

"कोणी नाई वं, घरचेच होते."

म्हणाली आणि तिकडे जीभ चावली असणार, कारण लगेच बैलांचं बोलायला लागली.

घरचेच होते.

पुरणपोळ्या केल्या होत्या. ह्यांनी चार खाल्ल्या, माझ्या मी झाकून ठेवल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

तेरवीचं ते कार्ड काढलं. कोपरा फाडलेलं. असं कार्ड वाचलं की लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी सहा वर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत हलवते आहे. ह्यांना दिसलं की ओरडतात.

अण्णांच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी रजा टाकून अकोल्यात होते. भरवणं, पुसणं, सगळं. गेले तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या पोटात दुखू लागलं, ऑपरेशनच निघालं, म्हणून परतावं लागलं. नवव्या दिवशी पोस्टमननं हे हातात दिलं. सौ. मंदाकिनी व परिवार, राजापेठ, अमरावती. आमच्या तीर्थरूपांचे दुःखद निधन झाले असून तेरवीस उपस्थित राहावे. खाली छापलेली नावं: विनायक, सूनबाई, नात, समस्त परिवार. मी नाही.

माझ्या बापाची तेरवी, आणि मला पोस्टानं आवतन.

गेले. मांडवात, पंगत बसलेली असताना, सगळ्यांसमोर विचारलं. त्या दिवशी माझ्याही तोंडी घरचीच भाषा आली. "कारे बापू, पोरीले बापाच्या तेरवीचं आवतन पोष्टानं? मी काय शेजारीण हाओ?" त्याच्या हातात वाढायचं पातेलं होतं. ते ठेवलं, मान वर न करता म्हणाला, "येवाचं तं ये ताई, नाई तं नको येऊ." मी न जेवता निघाले. मागून कुणी आलं नाही.

एवढंच झालं. सहा वर्षांना एवढंच पुरलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

ऋतूसाठी पत्र लिहायचं ठरवलं. म्हणजे बापूला, ऋतूबद्दल.

मायन्यालाच अडले. 'चि.' लिहिलं तर धाकटेपणा दाखवल्यासारखं, त्याची लेक आता लग्नाची. 'श्री. विनायकराव' लिहिलं तर परकं. 'प्रिय बापू' आमच्यात कधी कुणी लिहिलं नाही, वाचून त्याला वाटेल ताईला काही आजारबिजार झाला. चार कागद गेले. पाचव्यावर नुसतं 'बापू' लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि पुढे काय ते सुचलं नाही.

तारीख मात्र व्यवस्थित टाकली होती. स्थळ, दिनांक, सन, सगळं. खाली कोरं.

ठेवून दिलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

शकू सोनं द्यायला आली. चहा घेता घेता ते कार्ड तिच्यापुढे ठेवलं. का ठेवलं माहीत नाही. तिनं उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "हे तं गुरुजीचं अक्षर हाये."

कुणा गुरुजींचं?

"अवो, बापूच्या शेजारचे. बापूनं एकबी कार्ड लिहिलं नाई. त्याले होश होता का? अण्णाची पत्त्याची वही गुरुजीले देल्ली अन् म्हणे, हिच्यातल्या समद्याईले टाका. गुरुजीनं पह्यल्या पानापासून लिहीत नेलं. पह्यलं नाव तुहंच होतं."

लाल कापडी पुठ्ठ्याची वही. मी वसतिगृहात गेले त्या वर्षी अण्णांनी नवी केली होती. मी लग्न होऊन गेले, घरं बदलली, प्रत्येक वेळी त्यांनी जुना पत्ता खोडून तिथेच नवा लिहिला असणार. पान माझंच राहिलं. पहिलं.

म्हणजे पोस्टानं आवतन आलं ते मी परकी म्हणून नव्हे. अण्णांनी मला पहिल्या पानावर ठेवलं म्हणून.

छापलेल्या नावांत मी का नव्हते, तेही शकूला विचारलं. "छापखान्यावाल्यानं जुनाच नमुना लावला असन. लेकीचे नाव कोण छापते?" असेल. नसेल.

मग म्हटलं, सहा वर्षं सांगितलं का नाहीस?

"तुमी इचारता का कोणाले? दोघंबी अण्णाचेच. मोडतीन पण वाकनार नाई. अन् खरं सांगू? त्याच्याबी मनात हाये. म्हणते, ताई दरसाल राखीसंगं नोटीस पाठोते. द्वारा कै. अण्णा. म्हणजे मी ह्या घरात कोण? भाडेकरू?"

राखीसोबत नोटीस. अर्जनवीसाचा मुलगा आहे, शब्द नेमका सापडला.

शकू गेल्यावर आपट्याची पानं तशीच ताटात राहिली. सात पाकिटं मी माझ्या हातानं लिहिली, सुंदर अक्षरात.

६ ऑक्टोबर, सोमवार

सप्टेंबरातला तो कागद पुन्हा काढला. 'बापू,' च्या पुढे लिहिलं: माझं चुकलं. मग वाटलं, पोस्टानं माफी? ज्यावरून भांडले तेच करायचं?

फोन उचलला, ठेवला. हे समोर बसून सगळं बघत होते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

ताट केलं. दरवर्षी करते. निरांजन, सुपारी, अक्षता, अनारसे. पाट मांडत नाही, तेवढी वेडी नाही.

हे म्हणाले, "चांदोबाले ओवाळून टाक."

ओवाळलं नाही. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. मला भाऊ आहे. इथून तीन तासांवर आहे, जुन्या शहरात, मागच्या अंगणात पेरूचं झाड असलेल्या घरात. चंद्राला ओवाळायचं म्हणजे तो नाही असं मीच म्हणायचं.

निरांजन आपोआप विझेपर्यंत बसले. अनारसे ह्यांनी खाल्ले.

८ नोव्हेंबर, शनिवार

शकूचा फोन. आत्ताच लिहिते, स्वयंपाक तसाच टाकून.

बापू काल स्वतः वलगावला आला होता. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. शकूला कुंकू लावलं, अक्षता दिल्या, पत्रिका हातात दिली. दर्यापूरकडून आला, दर्यापूरकडूनच गेला. वलगावहून माझं घर अर्ध्या तासावर. अमरावतीत शिरलाच नाही.

"पण ऐक ना ताई, जातानी उंबऱ्यात थांबला. म्हणे, मंदाताईचा पत्ता थोच हाये का? पिन काय हाये?"

शकूला आनंद झालेला. वाटलं, चला, आठवण काढली.

मला कळलं. घरच्या माणसाला पत्रिका दारात येऊन देतात. पोस्टानं जाते ती लांबच्यांना, ऑफिसातल्यांना, ज्यांनी आलं-नाही आलं तरी चालतं त्यांना. पिन विचारतो म्हणजे पोस्टानं पाठवणार. ह्या वेळी गुरुजी नाहीत, वही नाही. ह्या वेळी त्याच्या स्वतःच्या हातानं.

देवा, पोस्टानं नको येऊ देऊ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोस्टमन आला. बँकेचं होतं. सुटल्यासारखं वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काही नाही. बरं झालं. येईल, स्वतः येईल. बाजूची खोली झाडून घेतली. वरूडहून ह्यांच्या पुतण्यानं संत्र्यांचं पोतं पाठवलं, त्यातली चांगली निवडून वेगळी ठेवली. बापूला आंबट संत्रं आवडतं, मीठ लावून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काही नाही. दारातही कुणी नाही.

आज दुपारी ध्यानात आलं की पोस्टमनची सायकल थांबली नाही म्हणून मला वाईट वाटलं. आठवडाभर तीच थांबू नये म्हणून देवाला सांगत होते.

पोस्टानं तर पोस्टानं. येऊ दे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लाज सोडून फाटकात पोस्टमनला गाठलं. म्हटलं, अकोल्याचं काही? पत्रिका असेल, जाड पाकीट.

"काकू, तुमच्या नावाचं असतं तं मी ठिवून घेतलं असतं का?"

नाही हो. तसं नव्हतं म्हणायचं. त्याला दोन संत्री दिली.

मीच जावं का, असं ह्यांना विचारलं. तर म्हणतात, "बिगर आवतनाचं लग्नात जाते का कोणी? अन् तू तं आवतन असून भांडून आली." हसायला आलं, मग रडायला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नातेवाइकांच्या ग्रुपवर पत्रिका आली. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण, वगैरे, खाली हात जोडलेले. हे उघडून वाचत होते. म्हणाले, "खाली नावं हायेत छापलेले. सांगू का?"

नको म्हटलं.

"पाहून तं घे."

नको. मोबाइलवर बोटानं मोठं करून मी माझं नाव शोधणार नाही. असलं तर कागद हातात आल्यावर पाहीन. नसलं तर... कळून काय करू? कागदच आला नाही तर आतलं कुणाला वाचायचं आहे.

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांच्या तोंडावरून काही कळतं का म्हणून दिवसभर पाहत होते. तीस वर्षं पासवाल्यांची तोंडं बघून नोकरी केलेला माणूस, काही कळू देत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी सव्वातीनला अनोळखी नंबर.

"आत्या, मी ऋतू."

आवाज ओळखला नाही. मोठा झाला आहे.

"आत्या, तुमची टपाल आली आमच्या घरी."

माझी? अकोल्याला? कुणी पाठवली?

"पोस्टमननं फाटकातून नाव घेऊन आवाज देल्ला. मी म्हटलं, ह्या नावाचं कोणी राहत नाई. तं बाबा आतून ओरडले, राहते, घेऊन ठेव."

वाच म्हटलं पाकिटावरचं. तिनं वाचलं, हळूहळू, मी एका ओळीवर दोनदा थांबवलं.

कु. मंदाकिनी गणपतराव,
द्वारा कै. गणपतराव,
जुने शहर, अकोला.

आणि डाव्या कोपऱ्यात, प्रेषक: विनायक गणपतराव. पत्ता वरीलप्रमाणे.

वरीलप्रमाणे.

ती हॅलो हॅलो करत होती. नऊ वर्षांचा पोट्टा डोळ्यांसमोर उभा राहिला, स्वतःच टाकलेलं कार्ड घ्यायला गल्लीभर धावणारा.

"पह्यले तुमच्या पत्त्यावर लिहिलं होतं त्याईनं," ऋतू हळू आवाजात, "राजापेठ, पिन, समदं. दोन दिवस टेबलावर होतं. मंग फाडलं अन् हे लिहिलं. स्वतः जाऊन पोस्टात टाकून आले. दोन गल्ल्या सोडून पोस्ट हाये, आत्या, अन् पाच रुपयांचं तिकीट लावून आपल्याच घरी."

आत काय आहे?

"जाड हाये. पत्रिकाच असन. चारी कोपऱ्याले हळद लावली."

मग फोड की, वाच.

"नाई जी. बाबा म्हणतात दुसऱ्याची टपाल फोडत नसतात. ज्याची त्यानं येऊन नेवाची."

बाबा कुठे आहेत, विचारलं. इथंच हायेत म्हणाली. फोन दे म्हटलं. मागे काहीतरी कुजबुज, मग तीच: "नाई बोलत. म्हणतात, टपालीचं काम टपालीत." त्याच्यावर रागावू की काय करू.

मग तिनं सांगितलं. माझी सातही पाकिटं अण्णांच्या पेनांच्या डब्यात आहेत. दरवर्षी बापू शिक्का बघून क्रमानं लावतो. दोन पाकिटांवरचे शिक्के पुसट आहेत, आत चिठ्ठीवर नुसतीच श्रावण शु. दशमी नाहीतर एकादशी. कोणतं कोणत्या वर्षाचं ते लागत नाही. त्यावरून घरात दरवर्षी वाद.

राख्या?

"हायेत तशाच. मी म्हटलं बांधून देतो, तं ओरडले. म्हणतात, एका हातानं गाठ बसत नाई, अन् दुसरा हात तुहा नाई."

फोन ठेवल्यावर ओट्याला टेकून रडले. हे आले, पाणी दिलं, आणि विचारायच्या आधीच सांगितलं, "राजापेठवरून पहाटंपासून अकोल्याच्या गाड्या हायेत. मूर्तिजापूरला दहा मिनिटं थांबते. खिडकीची सीट धरजो."

२६ नोव्हेंबर २०२५, बुधवार

वर सन घातलं. अण्णा, बघा.

काल निघणं झालंच नाही. केस धुतले, साडी तीनदा बदलली, संत्री पिशवीत भरली, काढली, परत भरली. ह्यांना येता का विचारलं. नाही म्हणाले, "टपाल एकटीच्या नावाची हाये."

सकाळी पहिलं काम, ते कोपरा फाडलेलं कार्ड फाडलं. चार तुकडे करून बंबात. जे नवव्या दिवशी करायचं ते आज केलं.

पाकिटात पत्रिका असेल. खाली नावं छापलेली असतील, मी असेन किंवा नसेन. ह्यांना माहीत आहे, अजूनही विचारलं नाही. नसले तर पुन्हा मांडवात तोंड उघडेन का? माझा मला भरवसा नाही. दार कोण उघडेल तेही माहीत नाही. बापूनं उघडलं तर आधी काय म्हणायचं? 'माझं चुकलं' म्हणायचं की 'माझी टपाल दे' म्हणायचं? तो बोलेल का? की पाकीट हातात ठेवून आत जाईल? सहा वर्षं ज्याच्याशी बोलत आले तो डोक्यातला बापू. हा खरा, सत्तावन्न वर्षांचा, त्याच्याशी कसं बोलतात ते विसरले आहे.

पण बाहेर पाकिटावर माझं नाव त्याच्या हातचं आहे. कु. लिहिलं आहे त्यानं. लग्नाच्या आधीचं, त्याच घरातलं.

त्या दोन चिठ्ठ्या मी शाईवरून ओळखेन. एक वर्ष जांभळं रिफील होतं, ते आठवतं.

निघायच्या आधी वहीचं मागचं पान काढलं. जावक ७, तसंच. खाली आवकच्या रकान्यात एक लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. टपाल हाती पडल्याशिवाय आवक नोंदवायची नाही, हा नियम ऑफिसात मीच घालून दिला होता. रकाना तसाच ठेवला. पेन आणि ही वही पर्समध्ये घेतली आहे.